चमत्काराच्या अलीकडची सेवा

श्रीगुरुचरित्राचं पारायण करणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला तिसावा अध्याय जरा जास्तच जवळचा वाटतो. माहूरचा गोपीनाथ, त्याचा मुलगा दत्त, आणि सून सावित्री. पैनगंगा ओलांडली की माहूर आलंच. उमरखेड-महागावकडचे लोक तर माहूरला परगाव म्हणतच नाहीत. त्या दत्ताला ऐन तारुण्यात क्षय लागतो. वैद्य हात टेकतात. सावित्री त्याला डोलीतून गाणगापूरला घेऊन जाते, आणि तिथं पोचताच त्याचे प्राण जातात. पुढं बत्तिसाव्या अध्यायात श्रीगुरूंच्या कृपेनं तो उठून बसतो. वाचताना आपला आवाज चढतो, डोळे भरून येतात, ते इथं.

मी मात्र तिसाव्यातच रेंगाळतो. नवरा जेवढं खाईल तेवढंच ती खाते. तो उपाशी तर ती उपाशी. त्याला औषध, तर तिलाही तेच. चांगलं लुगडं सोडून ती जुनेर नेसते. हे सगळं चमत्काराच्या आधीचं आहे. त्या वेळी पुढं काय होणार हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून एक प्रश्न मनात येतो, आणि तो या अंकाच्या वाचकांपुढं ठेवायला हरकत नाही. असा एखादा दत्त आज आपल्याच आळीत अंथरुणाला खिळला, तो उठणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं, तर त्याच्या सेवेला काय अर्थ?

हा प्रश्न पोथीपुरता नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली किती घरं कॅन्सरच्या पेशंटला घेऊन नागपूरच्या वाऱ्या करतात! वावर विकलं जातं, डोरलं गहाण पडतं. मग एके दिवशी ‘आता घरी न्या’ असं ऐकायला मिळतं. घरी आणलं की पहिले आठ दिवस बघायला रीघ लागते. महिन्याभरानं कोणी फिरकत नाही. उरते एकटी बायको, नाहीतर सून. आणि ‘काय करता, प्रारब्ध आहे ज्याचं त्याचं’ असं म्हणणारे शेजारी. प्रारब्ध मीही मानतो. पण ते स्वतःच्या दुखण्यात आठवायचं असतं. दुसऱ्याच्या खाटेपाशी उच्चारलं की ते अंग काढून घ्यायचं निमित्त होतं.

जिथं बरं करणं संपतं तिथून पुढच्या सेवेला आता हॉस्पिस म्हणतात. लंडनला सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाईंनी १९६७ साली असं रुग्णालय काढलं. त्या आधी नर्स, मग समाजसेविका, आणि नंतर चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झाल्या. देहाचं दुखणं, मनाचं दुखणं, घरच्यांची काळजी, देवाशी चाललेलं भांडण, हे वेगळं काढता येत नाही, सगळं मिळून एकच दुखणं असतं, असं त्यांचं सांगणं. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. पण मुंबई-पुणं आपल्याला दूर.

आपल्याला जास्त शिकण्यासारखं आहे ते केरळचं. तिथं गावोगावच्या साध्या माणसांनी हे काम उचललं. शिक्षक, दुकानदार, घरच्या बाया. अट काय, तर आठवड्याला किमान दोन तास द्यायचे. पण नाव दिलं आणि निघाले असं नाही. आधी १६ तासांचं शिक्षण, मग चार दिवस जाणत्या माणसांसोबत रुग्णांच्या घरी. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे शिक्षणच. सेवा ही मनातून येते, शिकायची काय, असं आपल्याला वाटतं. पारायणाला मात्र आपण किती नेम पाळतो! सात दिवस जमिनीवर झोपणं, ठरलेलं जेवण, ठरलेली वेळ. पोथीला नेम, आणि माणसाला नाही?

साध्या गोष्टी बघा. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, कमरेला बेडसोर होतात. शेवटच्या दिवसांत भूक आपोआप मरते. तेव्हा ‘घ्या ना दोन घास, माझ्यासाठी’ म्हणत तोंडात कोंबणं ही माया नव्हे, त्यानं ठसका लागतो, जीव गुदमरतो. आपलं तुळशी-गंगाजलसुद्धा! गिळता येत नसलेल्याच्या तोंडात पळीभर ओतण्यापेक्षा कापसाचा बोळा भिजवून ओठ ओले करावे. तीर्थ ते तीर्थच, थेंबभर असलं तरी. हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि सांगणारं कोणी नसतं.

याहून अवघड शिक्षण म्हणजे गप्प बसण्याचं. आपण भाविक माणसं, आपल्याला उपदेशाची भारी हौस. खाटेपाशी बसलो की नामाचा महिमा सुरू. रुग्णाला कदाचित सोयाबीनचा भाव विचारायचा असतो. किंवा ‘मी जातो का आता?’ हे विचारायचं असतं, आणि घरचे सगळे ‘काही होत नाही तुम्हाला’ म्हणून त्याचं तोंड बंद करतात. त्यानं नाम मागितलं तर जरूर द्यावं. मागितलं नाही तर आपलं पुण्य त्याच्या उशाशी कमवायला जाऊ नये. मरणारा माणूस हा कोणाच्या पुण्याचं साधन नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे, मग कोणाला राग येवो.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली गोष्ट आठवते. १९३९ च्या सुमारास परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. संस्कृतचे पंडित, पण महारोगानं देह झिजलेला. गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांना झोपडी बांधून दिली, आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करत. हे बहुतेकांना माहीत असतं. तेच शास्त्री आश्रमातल्या लोकांना संस्कृत शिकवत, हे कमी लोकांना माहीत. मला वाटतं, मालिशपेक्षा ही सेवा मोठी होती. ज्याला सगळे टाळत होते त्याच्याकडून काही घेतलं गेलं.

आणि सेवा करणाऱ्याचं काय? सावित्रीनं सगळं अंगावर घेतलं, ती महासती. आपण सगळे सावित्री नाही, आणि सुनेनं सावित्री व्हावं अशी अपेक्षा धरणंही बरं नव्हे. बाहेरचे दोघे जण दोन तास येऊन बसले, तर त्या बाईला अंघोळ करता येते, डोळा लागतो, दळण आणता येतं. बसणाऱ्यांनीही एकट्यानं जाऊ नये, जोडीनं जावं. ज्याच्याकडे तीन महिने गेलो तो गेला, की आपल्याही आत काही तुटतं. ते बोलायला महिन्यातून एकदा सोबत्यांनी एकत्र बसावं, आणि लगेच दुसऱ्या घरी कोणाला धाडू नये.

श्रीगुरूंनी बत्तिसाव्या अध्यायात जे केलं ते त्यांच्या हाती. माहूरहून डोली उचलणं हे माणसांच्या हाती होतं, आणि अजून आहे. दत्तजयंतीच्या महाप्रसादाला वाढपी म्हणून आपल्याकडे नावं इतकी येतात की काहींना नाही म्हणावं लागतं. यंदा त्याच वहीत एक पान वेगळं ठेवावं, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. आठवड्याला दोन तास, आधी शिकायची तयारी, इतकंच वर लिहावं. पहिली नावं पुरुषांची यावीत. बायांची वेगळी नोंद लागत नाही, त्या घरोघरी आधीच उभ्या आहेत.