उंचीवर गेल्यावर



आखाती देशांत रोजगारासाठी गेलेले आपले तरुण सुटीच्या दिवशी दुबईचा बुर्ज खलिफा पाहायला जातात. २०१० साली खुला झालेला हा मनोरा ८२८ मीटर उंच आहे. त्याच्या १२४व्या मजल्यावरील सज्जातून खालची माणसे ठिपक्यांएवढी दिसतात. असे दृश्य पाहणे निषिद्ध नाही. सृष्टी पाहून चिंतन करण्यास दिव्य कुरआन वारंवार सांगतो. प्रश्न एवढाच की, ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या त्या माणसाविषयी पाहणाऱ्याच्या मनात कोणती भावना उमटते?

उंच मनोऱ्यावरून पाहण्याची इच्छा फिरऔनलाही झाली होती. सूरह अल-कससमध्ये त्याचा उल्लेख आहे. त्याने हामानला विटा भाजून उंच इमारत बांधण्याचा हुकूम दिला, प्रेषित मूसा (अ.) यांच्या ईश्वराला डोकावून पाहण्याची त्याची घमेंड होती. त्याला ईश्वर दिसला नाही, स्वतःचा अंतही दिसला नाही. तो समुद्रात बुडाला.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. २०११च्या रमजानमध्ये दुबईच्या धर्मपंडितांनी सांगितले की, बुर्ज खलिफाच्या ८०व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी इफ्तार दोन मिनिटे उशिरा करावा आणि १५०व्या मजल्याच्या वरच्या लोकांनी तीन मिनिटे. कारण तेथून सूर्य अधिक वेळ दिसतो. खालचा मजूर खजूर तोंडात घालतो, तेव्हा वरच्या मजल्यावरचा धनिक अजून उपाशी असतो. ज्याला अल्लाहने उंचीवर नेले, त्याला सवलत नव्हे, अधिक संयम दिला.

म्हणूनच हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली सहाबांची रीत ध्यानात ठेवावी. चढण चढताना ते ‘अल्लाहु अकबर’ म्हणत आणि उतरताना ‘सुब्हानल्लाह’. आपण वर चढत असताना मोठेपणा कोणाचा आहे, याची ती आठवण होती.

शिवाय दूरचे जाणण्यासाठी उंचच जावे लागते असेही नाही. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली. तिला मनोरा नाही. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात जमिनीलगत पसरलेल्या असतील. अशाच अमेरिकेतील वेधशाळांनी २०१५ साली सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या कृष्णविवरांच्या मीलनाची सूक्ष्म लहर टिपली.

मोमिनाला यात नवल वाटू नये. दास आपल्या पालनकर्त्याच्या सर्वाधिक निकट सजद्यात असतो, ही शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. कपाळ जमिनीला टेकते, तेव्हाच तो जवळ पोहोचतो.

मनोरे केवळ दुबईत नसतात. पगार, पद, शेतजमीन, शिक्षण हेही मनोरेच आहेत. गावी परतल्यावर आपल्या धाकट्या भावाकडे, शेतमजुराकडे, विधवा शेजारणीकडे तुम्ही कोणत्या मजल्यावरून पाहता, हे आज स्वतःला विचारा.

अल्लाह आम्हांस उंची देवो आणि तिच्यासोबत झुकण्याची सद्बुद्धीही देवो. आमीन.