पोत्सुओलीचे तीन खांब

नेपल्सहून पश्चिमेकडे जाणारी लोकल साधारण अर्ध्या तासात पोत्सुओलीला पोचते. उतरल्यावर लगेच काही बघायच्या मागे लागू नका. बंदराच्या दिशेनं उताराला लागा, सावकाश. इस्किया आणि प्रोचिदा या बेटांकडे जाणाऱ्या बोटी जिथून सुटतात, त्याच्या थोडं अलीकडे रस्त्याच्या पातळीखाली एक मोठं चौकोनी अंगण लागतं. भोवती कठडा, चारी बाजूंना राहत्या इमारती, आणि आत उभे असलेले तीन उंच खांब. कठड्यावर दोन्ही हात ठेवा. ध्यानाला आसन लागतं. आजचं आसन हेच.

तिन्ही खांबांकडे एकदम बघू नका, कुठलाही एक निवडा. उंची सुमारे 12 मीटर. हिरवट शिरांचा संगमरवर, ग्रीसमधल्या युबिया बेटावरून आणलेला. नजर तळाशी ठेवा आणि हळूहळू वर न्या. पहिले साडेतीन मीटर दगड गुळगुळीत आहे. मग अचानक एक काळपट पट्टा सुरू होतो, अडीच मीटरहून थोडा जास्त, आणि त्यात भोकंच भोकं: गोल, खोल, एकमेकांना चिकटलेली, करंगळी जाईल एवढी. पट्टा संपला की पुन्हा स्वच्छ दगड, थेट टोकापर्यंत. वरून खाली एकदा परत या. ही भोकं कुणी पाडली असतील, हा प्रश्न थोडा वेळ तसाच राहू द्या. इथं आलेल्या विद्वानांनाही त्यानं बराच काळ छळलं आहे.

ती एका शिंपल्यानं पाडली. शास्त्रीय नाव लिथोफागा. इटलीत त्याला समुद्री खजूर म्हणतात. तो आपल्या अंगातून आम्ल सोडतो, चुनखडीचा दगड विरघळवतो आणि त्या बिळात जन्म काढतो. 5 सेंटीमीटर वाढायला त्याला 15 ते 35 वर्षं लागतात. तो काढायचा तर खडकच फोडावा लागतो, म्हणून इटलीत त्याची मासेमारी आता बंद आहे. आता पुन्हा त्या पट्ट्याकडे बघा. हा प्राणी समुद्राबाहेर जगत नाही. म्हणजे जमिनीवर बांधलेला हा खांब सहा मीटरपर्यंत समुद्रात बुडाला होता, वर्षानुवर्षं बुडालेला राहिला आणि पुन्हा बाहेर आला. या सगळ्या काळात तो पडला नाही.

खालचा भाग गुळगुळीत का, तेही पाहून घ्या. तो गाळात आणि ढिगाऱ्यात गाडला गेला होता, त्यामुळे शिंपला तिथं पोचलाच नाही.

चार्ल्स लायेल या ब्रिटिश भूशास्त्रज्ञानं 1830 साली आपल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’च्या दर्शनी पानावर याच तीन खांबांचं चित्र छापलं. त्याचं म्हणणं असं, की समुद्र चढून उतरला असता तर भूमध्य सागराच्या सगळ्याच किनाऱ्यांनी त्याची साक्ष दिली असती. तेव्हा इथं हलली ती जमीन, आणि तीही इतक्या सबुरीनं की तीन खांब उभेच्या उभे खाली गेले नि वर आले.

आता नजर खांबांवरून काढा आणि स्वतःच्या पायांकडे आणा. टाचा टेकल्या आहेत ना? अंगाचा भार दोन्ही पायांवर सारखा येऊ द्या. तुम्ही ज्वालामुखीत उभे आहात. त्याला चित्रातल्यासारखं शंकूचं टोक नाही. काम्पी फ्लेग्रेई नावाची ही 12 ते 15 किलोमीटर रुंदीची खोलगट जागा आहे, तिचा काही भाग समुद्राखाली आहे आणि जवळजवळ मध्यावर हे गाव आहे. 39,000 वर्षांपूर्वी तिचा मोठा स्फोट झाला, तेव्हाची राख रशियापर्यंत सापडते. 1982 ते 1984 या काळात इथली जमीन 1.8 मीटर वर आली आणि जुन्या गावातल्या सुमारे 40,000 लोकांना घरं सोडावी लागली. 2005 पासून ती परत चढते आहे. 2025 च्या सुरुवातीपर्यंत 1.4 मीटरच्या आसपास चढली होती. कुठल्या महिन्यात 1 सेंटीमीटर, कुठल्या महिन्यात 3.

3 सेंटीमीटर धरले तरी दिवसाला 1 मिलिमीटर होतो. इथं तासभर थांबलात तर तुम्ही केसाच्या जाडीहूनही कमी वर गेलेले असाल. ते जाणवतं का पाहा. पूर्ण लक्ष तळव्यांवर आणा. नाही जाणवणार, तरी दहा-पंधरा श्वास तसंच राहा. इथल्या माणसांनाही ते रोज जाणवत नाही; जाणवतो तो भूकंप. 13 मार्च 2025 च्या रात्री दीडच्या सुमारास 4.6 तीव्रतेचा धक्का बसला आणि लोक रस्त्यावर आले. जमीन मात्र त्याआधीही चढत होती आणि नंतरही. मासेमारांना ते आपल्यापेक्षा नीट ठाऊक आहे: छोट्या गोदीत पाणी इतकं उतरलं की नावा तळाला टेकू लागल्या, आणि धक्का पाण्यापासून फार उंच झाला.

जमीन वर आली की तिचा मालक कोण? हा प्रश्न इथं खरोखर उद्भवला होता. समुद्र जिथं आटतो आहे ती जमीन गावाला देण्यात येत आहे, अशी सनद 1503 साली राजा फर्डिनांड आणि राणी इसाबेला यांच्या नावानं निघाली. सातबाऱ्यावर समुद्र वजा होऊन क्षेत्र वाढल्याची नोंद व्हावी, तसलाच हा प्रकार. पस्तीस वर्षांनी, 1538 च्या सप्टेंबरअखेर, शेजारचं त्रिपेर्गोले गाव फुटलं आणि आठवडाभरात तिथं शंभर मीटरहून उंच डोंगर उभा राहिला. त्याचं नाव मोन्ते नुओव्हो, म्हणजे नवा डोंगर. आज त्यावर झाडी आहे.

परत अंगणाकडे वळू. 1750 मध्ये खोदकाम झालं तेव्हा इथं सेरापिस देवाची मूर्ती मिळाली, म्हणून सगळ्यांनी याला देऊळ ठरवलं. ‘सेरापिओ’ हे नाव आजही चालतं. खरं तर हा बाजार होता, पहिल्या शतकाच्या अखेरीचा. डोळे मिटा. भोवती दुकानांची रांग, मधोमध गोल मंडप, मासळीचा आणि मटणाचा वास. बाहेर बंदरात इजिप्तहून धान्याची जहाजं येत. शिडांवरून ती ओळखायला लोक धक्क्यावर गर्दी करत, असं रोमन तत्त्वज्ञ सेनेकानं एका पत्रात लिहून ठेवलं आहे. त्या काळी पूर्वेकडून रोमला येणाऱ्या मालाचं हे मुख्य बंदर होतं.

तो माल कुठून येई? त्याच शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तेरहून कापड बैलगाड्यांनी भडोचला जाई. तिथून तांबडा समुद्र, अलेक्झांड्रिया आणि पुढं इटली. 1938 साली पाँपेईत एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिला लक्ष्मी म्हणायची पद्धत पडली, पण ती यक्षी असावी असं अनेक अभ्यासक मानतात. तिच्याशी नातं सांगणाऱ्या मूर्ती भोकरदनला आणि तेरला मिळाल्या आहेत. पाँपेईची मूर्ती नेपल्सच्या पुराणवस्तु संग्रहालयात आहे. ती नेमकी कुठल्या बंदरात उतरली याचा कागद नाही. पण असा माल उतरणारं मोठं बंदर हेच होतं, एवढं डोळे मिटून असताना पुरेसं आहे.

हळूच डोळे उघडा आणि समोरच्या टेकडीकडे बघा. ते रिओने तेर्रा, गावाचं सगळ्यात जुनं अंग. 2 मार्च 1970 ला सरकारनं ते रिकामं केलं आणि तिथली माणसं पुन्हा कधी राहायला परतली नाहीत. तिथल्या कॅथेड्रलला 1964 मध्ये आग लागली तेव्हा बरोक गिलाव्यामागून ऑगस्टसच्या काळातल्या रोमन देवळाचे संगमरवरी खांब बाहेर आले. आता एकाच इमारतीत दोन्ही उभी आहेत, आणि देवळाच्या खांबांमध्ये प्रार्थना चालते. मला इटलीतल्या कितीतरी गाजलेल्या चर्चपेक्षा हे अधिक खरं वाटतं.

बाकीचं भराभर सांगतो. अॅम्फीथिएटरचं तळघर बघावंच असं आहे. गंधकाच्या वाफांची सोल्फातारा 2017 च्या अपघातापासून बंद आहे. रोमन कवी व्हर्जिलनं पाताळाचं दार मानलेलं अव्हेर्नो सरोवर आज बदकांचं आहे. पलीकडे बाया, जिथं रोमन श्रीमंतांचे बंगले समुद्राखाली गेले ते अजून वर आलेले नाहीत. काचेच्या तळाच्या बोटीतून खालची फरसबंदी दिसते. आणि या ज्वालामुखीची राख चुन्यात कालवली तर मिश्रण पाण्याखालीही घट्ट होतं, हे रोमनांनी इथंच हेरलं. त्यावर त्यांची बंदरं उभी राहिली. आपल्याकडे सिमेंटच्या गोणीवर पीपीसी छापलेलं असतं, त्यातला मधला ‘पी’ म्हणजे पोझोलाना, याच गावच्या नावावरून पडलेलं.

नेपल्सला जाणारी आपली मंडळी पाँपेई आणि काप्री करून परततात. त्यांना एकच विनंती: एक सकाळ पोत्सुओलीसाठी काढा. कठडा सार्वजनिक रस्त्यावर आहे, तिथून खांब बघायला तिकीट लागत नाही. निघण्याआधी व्हेसुव्हियस वेधशाळेचं आठवड्याचं बुलेटिन मात्र नजरेखालून घाला. ते इटालियनमध्ये असतं, पण जमीन किती मिलिमीटर चढली तो आकडा कुणालाही वाचता येतो.