मास्क दिला म्हंजे माणूस झाला काय?

समता आधी सिद्ध करावी लागते काय? म्हंजे आमचं डोकं तुमच्याएवढंच चालतं असं आम्ही दाखवून द्यायचं, मग तुम्ही तपासून आम्हाला माणसात घ्यायचं, असा काही हिशेब आहे काय? हा प्रश्न मी आज एका परग्रहाच्या गोष्टीवरून मांडतोय. हसू नका. आकाशातल्या गोष्टी रचणारी माणसं जमिनीवरचीच असतात. वर जाताना ती जमिनीवरचा सगळा घोळ गाठोड्यात बांधून नेतात.

स्टार ट्रेक ही अमेरिकन मालिका 8 सप्टेंबर 1966 ला सुरू झाली. एन्टरप्राइज नावाचं अवकाशजहाज. त्यावर कप्तान कर्क, स्पॉक, डॉक्टर मॅकॉय. ग्रहामागून ग्रह हिंडायचं, तिथली माणसं, त्यांच्या रीती बघायच्या. जहाजावर उहुरा नावाची काळी बाई अधिकारी होती, ते काम निशेल निकोल्स करायच्या. पहिल्या वर्षानंतर त्या मालिका सोडणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबायला सांगितलं, असं निकोल्सबाई पुढं आयुष्यभर सांगत राहिल्या.

तेच किंग 4 एप्रिल 1968 ला मेम्फिस शहरात गोळीला बळी पडले. तिथं ते कशापायी गेले होते? कचरा उचलणाऱ्या काळ्या कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला. दोन कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले होते, त्यातून तो संप उठला होता. त्या कामगारांच्या हातातल्या फलकांवर एवढंच होतं, की मी माणूस आहे. खाली कुठल्या डॉक्टरची सही नव्हती, बुद्धीचा दाखला जोडलेला नव्हता. हे ध्यानात ठेवा.

आता गोष्ट. 28 फेब्रुवारी 1969 ला या मालिकेचा 'द क्लाउड माइंडर्स' हा भाग दाखवला गेला. आर्डाना नावाचा ग्रह. त्याच्यावर ढगात तरंगणारं शहर, स्ट्रॅटॉस. तिथं राहणाऱ्यांना कला, संगीत, विचार याशिवाय धंदा नाही. खाली जमिनीवर ट्रॉग्लाइट नावाचे लोक. ते खाणीत झेनाइट नावाचं खनिज काढतात. शहर वर आहे, कारण हे खाली खणतात. कर्कला झेनाइट हवंय, दुसऱ्या ग्रहावर झाडापिकांवर साथ आलीय, ती त्याच्याशिवाय थांबणार नाही. पण खाणकामगारांनी बंड केलंय, माल अडवून धरलाय.

शहराचा प्रमुख प्लॅसस म्हणतो, ही माणसं बुद्धीनं कमी आणि स्वभावानं हिंसक. त्याची मुलगी ड्रॉक्सीन म्हणते, त्यांच्या डोळ्यांना उजेडाची सवय नाही, तशी मनाला तर्काची नाही. मित्रांनो, ही भाषा ओळखीची वाटते की नाही? ढगातल्या शहरातही मनुस्मृती पोचलेली दिसते. आणखी एक गंमत बघा. आमच्या शहरात हिंसा उरलेली नाही असा त्यांना अभिमान. पण बंडखोर बाई व्हॅना सापडल्यावर तिला खांबाला जखडून तिच्या अंगावर किरण सोडतात, ती किंचाळेपर्यंत. त्याच शहरातून एक पकडलेला ट्रॉग्लाइट कठड्यावरनं खाली उडी टाकून मरतो. सुसंस्कृतपणाला हात घाण होऊ द्यायचे नसतात, म्हणून तो यंत्र वापरतो.

मग डॉक्टर मॅकॉय शोध लावतो. कच्च्या झेनाइटमधून गॅस निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो हुंगून डोकं मंद होतं, राग वाढतो. नाकातोंडाला मास्क लावला की झालं, ट्रॉग्लाइट स्ट्रॅटॉसवाल्यांइतकेच हुशार. व्हॅनाचा विश्वास बसत नाही. म्हणून कर्क प्लॅससलाच खाणीत आणतो. थोड्या वेळात तो सुसंस्कृत प्रमुख जनावरासारखा अंगावर येतो. कर्कही त्याच्याशी झटापट करतो. शेवटी झेनाइटच्या बदल्यात मास्क, असा सौदा होतो.

प्लॅसस खाणीत उतरतो तो प्रसंग मला आवडतो. हिंसा रक्तात नसते, ती जागेत असते, हे तिथं उघडं पडतं. पण बाकीच्या गोष्टीशी माझं भांडण आहे, आणि ते दोन मुद्द्यांवर आहे.

पहिला मुद्दा. ही गोष्ट वरच्यांचं मूळ म्हणणं मान्य करूनच पुढं जाते. ट्रॉग्लाइट खरोखरच मंद आहेत, फक्त दोष जन्माचा नाही तर गॅसचा, एवढीच दुरुस्ती. समजा गॅस सापडलाच नसता तर? डॉक्टरच्या यंत्रात काहीच दिसलं नसतं तर किरणांचा छळ बरोबर ठरला असता काय? खाण न्याय्य ठरली असती काय? हक्क पुराव्यावर टांगला की पुरावा ज्याच्या हातात तोच मालक. आज एक तपासणी पास झालात, उद्या दुसरी काढतील. आपल्याकडं 'गुणवत्ता' या शब्दाचं हेच चाललंय.

बाबासाहेबांनी 1936 साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये या प्रश्नाला सरळ हात घातलाय. माणसं सारखी नसतात हे ते नाकारत नाहीत. जन्माचा वारसा वेगळा, घरातून मिळणारं शिक्षण-संगोपन वेगळं, ज्याची त्याची मेहनत वेगळी. पण पहिल्या दोन गोष्टींवरून निवडायला बसलात तर तुम्ही लायक माणूस निवडत नाही, सुखवस्तू निवडता. आणि एवढ्या अफाट समाजात प्रत्येकाला तोलून वागवणं कुणाला जमणार? म्हणून समता हे वागण्याचं तत्त्व मानूनच चालावं लागतं. म्हंजे समता हा तपासणीचा निकाल नव्हे, ती सुरुवात आहे. 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्यावर ओंजळ भरणाऱ्यांनी आधी कुणाकडून दाखला आणला होता?

व्हॅनाच्या अविश्वासाचंही तेच. गोष्ट असं सुचवते, की तिला गॅस कळत नाही कारण ती गॅसनं भरलीय. मला ती तिथं सगळ्यात शहाणी वाटते. जन्मभर वरचे म्हणत आले तुझं डोकं कमी आहे. आता आणखी वरनं, जहाजातून, एक साहेब येतो आणि म्हणतो, हो, कमीच आहे, पण माझ्याकडं औषध आहे. तिनं का म्हणून विश्वास ठेवावा?

आणि खरा गॅस कोण हुंगतंय? किरणांचं यंत्र चालवून संध्याकाळी गाणं ऐकत बसणाऱ्याचं मन बधिर नाही तर काय? गावकुसाबाहेर राहिलेल्याची बुद्धी मेली नव्हती, तिला वाट दिली नव्हती. बधिर झालं होतं ते गावकुसाच्या आतलं.

दुसरा मुद्दा मास्कचा. मी सूतगिरणीत काम करतो, म्हणून हे मला पुस्तकातनं शिकावं लागलं नाही. कापसाची बारीक धूळ छातीत बसते. सुट्टी झाल्यावर सोमवारी कामावर आलं की छाती आवळते, त्याला डॉक्टर लोक बिसिनोसिस म्हणतात. आमच्या खात्यात मास्क आहेत, खिळ्याला टांगलेले, तपासणीच्या दिवशी तोंडावर येतात. मास्क नको असं मी म्हणणार नाही. फुप्फुस एकच आहे. पण मास्क लावलेला मजूर आणि मास्क न लावलेला मजूर, दोघंही खालीच असतात.

याची साक्ष आपल्या कायद्यातच आहे. हातानं मैला साफ करण्याविरुद्धचा 2013 चा कायदा घ्या. गटार आणि सेप्टिक टँकच्या 'धोकादायक सफाई'ची त्यातली व्याख्या अशी, की संरक्षक साधनं न देता माणसाकडून करून घेतलेली सफाई. म्हंजे साधनं दिली तर व्याख्या संपली. माणूस उतरणार तो उतरणारच, आणि तो कुठल्या जातीचा असणार हे व्याख्येत लिहावं लागत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना 30 लाख रुपये द्या असा आदेश दिला. द्यायलाच हवेत. पण मेल्यानंतरचे तीस लाख आणि जिवंतपणीचा मास्क यांच्या मधे एक प्रश्न उभा राहतो. तोच का उतरतो? बाबासाहेब म्हणाले होते, जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. मास्कनं श्रम सुसह्य होतील. श्रमिकांची वरखाली लावलेली उतरंड मास्कनं मोडत नाही.

ही मूळ कथा रचणाऱ्यांपैकी डेव्हिड गेरॉल्ड यांनीही पुढं आपल्या पुस्तकात मास्कच्या या तोडग्याची चांगलीच टर उडवली. घरचाच आहेर तो.

तरी त्या गोष्टीत एक जागा लेखकांच्या हातून सुटून गेलीय, आणि तीच आपली आहे. शेवटी मास्क मिळतात, झेनाइट जहाजावर जातं, कर्कचं काम होतं. त्याला निघायची घाई आहे. पण व्हॅना प्लॅससला बजावते, की आमच्या मागण्या आत्ता कुठं सुरू झाल्यात. जहाज निघून जातं. पुढचं भांडण त्या ग्रहावरच्यांनीच करायचंय, जहाज ते करून देणार नाही.

तेव्हा जे देतील ते घ्या. मास्क घ्या, नुकसानभरपाई घ्या, शिष्यवृत्ती घ्या, ती आपलीच आहे. पण घेताना मान खाली घालू नका आणि पावतीवर 'हिशेब चुकता' असं लिहून देऊ नका. माणूसपण ही बदल्यात मिळायची वस्तू नाही. ते आपल्याजवळ आहेच. वरचं शहर ज्या खांद्यांवर तरंगतंय ते खांदे आपले आहेत, हे एकदा नीट कळलं की खांदा कधी काढून घ्यायचा तेही कळेल.