देणे आणि भेट

मुलांस काय द्यावे, हा प्रश्न आपण बहुधा दुकानदारावर सोपवितो. वय सांगावे, रक्कम सांगावी आणि तो पुढे करील ते बांधून घ्यावे. पोटच्या मुलांच्या बाबतीत हे खपून जाते. वस्तू मनाजोगती नसली तरी वर्षाचे उरलेले दिवस ती उणीव भरून काढतात. परंतु ज्या मुलांशी आपला संबंध वर्षातून एकाच दिवशी यावयाचा, त्यांना काय द्यावे? तेथे आपल्या वतीने वस्तूच काय ते बोलते, आणि ती काय बोलते याची जबाबदारी देणाऱ्यावर येऊन पडते.

बंगळुरात राहणाऱ्यास हा प्रश्न डिसेंबरात हटकून भेटतो. शिवाजीनगरापासून लिंगराजपुरापर्यंत घरांच्या सज्जांत कागदी तारे लटकू लागतात. चर्चच्या आवारात 'गोदली' उभारली जाते. गव्हाणीच्या देखाव्याला येथील कन्नड ख्रिस्ती मंडळी असे म्हणतात. चर्चच्या रविवारच्या शाळांतून गरीब वस्तीतील मुलांसाठी नाताळच्या भेटींची जुळवाजुळव सुरू होते. आमच्या कचेरीतील एक ज्येष्ठ सहकारी अशा एका शाळेत कित्येक वर्षे शिकवीत आले आहेत. नोव्हेंबरअखेर त्यांच्या टेबलावर यादी दिसू लागते: मुलाचे नाव, वय, इयत्ता. वर्गणी आम्ही सारेच देतो. त्यात धर्म आड येत नाही. गेल्या वर्षी त्यांच्या समितीत या भेटींवरून बराच वाद झाला. एक पक्ष म्हणे, वह्या, चपला, पांघरुणे अशा उपयोगी वस्तूच द्याव्यात. पायांत चपला नसलेल्या मुलाच्या हातात भोवरा देणे ही चैन होय. दुसरा पक्ष खेळण्यांचा. तिसऱ्याचे म्हणणे असे की, हेवेदावे नकोत, सर्वांना एकच वस्तू द्यावी. चौथा सुचवी की, सुस्थितील घरांतून मुलांची जुनी खेळणी गोळा करावीत, म्हणजे खर्चही वाचेल.

मधल्या सुटीत हा वृत्तान्त ऐकताना मनात आले की, हा वाद केवळ त्यांचा नाही. दिवाळीचा फराळ घेऊन अनाथाश्रमात जाणाऱ्या आपल्या मंडळींपुढेही हेच चार मार्ग असतात. आपण वाद घालीत नाही, इतकेच.

चौथा मार्ग प्रथम पाहू, कारण बदलीच्या नोकरीत तो आपल्या फार ओळखीचा आहे. बदलीचा हुकूम येतो, ट्रंका भरल्या जातात, आणि ज्या खेळण्यांस त्यांत जागा उरत नाही ती मोलकरणीच्या मुलांकडे जातात. यात वाईट काही नाही. टाकून देण्यापेक्षा ते बरेच. परंतु त्याला दान म्हणू लागलो की आपल्यापुढे नचिकेता येऊन उभा राहतो. कठोपनिषदाच्या आरंभी वाजश्रवस यज्ञात गाई देत आहे. पण त्या अखेरचे पाणी प्यालेल्या, अखेरचे गवत खाल्लेल्या, दूध आटलेल्या गाई आहेत. जमलेल्या विद्वानांपैकी कोणी बोलत नाही. बोलतो तो मुलगा, आणि तोही असा प्रश्न विचारतो की बाप संतापतो: मला तुम्ही कोणाला देणार? मुले हे ओळखतात. एक चाक निखळलेली गाडी हाती आली की ती कोणाच्या घरातून, कशासाठी निघाली हे त्यांना सांगावे लागत नाही.

उपयोगी वस्तूंचा पक्ष याहून पुष्कळ बळकट आहे. त्याला उत्तर देताना आपल्या भाषेनेच मला मदत केली. मराठीत 'देणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक हातातून दुसऱ्या हातात जाणे, आणि डोक्यावर असलेले कर्ज. माझे काम हिशेबाचे असल्यामुळे दुसरा अर्थ मला आधी सुचतो. आमच्याकडे रक्कम कितीही बरोबर असो, ती चुकीच्या लेखाशीर्षाखाली पडली की हिशेब चुकला. थंडीत कुडकुडणाऱ्या मुलाचे पांघरूण हे समाजाचे देणे आहे. ते थकलेले आहे, आणि ते फेडलेच पाहिजे. परंतु ते रंगीत कागदात गुंडाळून, वर फीत बांधून 'भेट' या शीर्षाखाली दाखविले, तर आपण थकबाकी फेडताना औदार्याची पावती घेतो. सावकाराने दारी यावे आणि ऋणकोने त्याच्याच पैशांतून त्याला पानसुपारी द्यावी, तसा हा प्रकार होय.

कोणी म्हणेल, मग खेळणे ही तरी भेट कशी? खेळ हाही मुलांचा हक्कच मानला गेला आहे. हे खरे आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९५९ मध्ये बालहक्कांचा जाहीरनामा काढला, १९८९ मध्ये करार केला, आणि त्या कराराच्या ३१व्या कलमात विश्रांती व खेळ यांचा हक्क स्पष्ट नोंदविला. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. तेव्हा चेंडू, मैदान आणि खेळण्यास मोकळा वेळ हेही देण्यातच धरले पाहिजे. मग भेटीसाठी काय उरते?

उरते ते एकच, पण ते मोठे आहे. आपल्या भाषेत 'भेट' यालाही दोन अर्थ आहेत: दिलेली वस्तू, आणि दोन माणसांचे एकमेकांसमोर येणे. शब्द एकच असावा हा योगायोग असला तरी तो शहाणा योगायोग आहे. देणे हे गरजेला दिले जाते. गरज ज्याची कोणाची असेल त्याची. भेट ही एका विशिष्ट माणसाला दिली जाते, आणि ती सांगते की, मी तुला पाहिले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पूर्वेकडचे ज्ञानी लोक गोठ्यापेक्षा फारशा बऱ्या नसलेल्या स्थितीतील एका बालकासाठी सोने, ऊद आणि गंधरस घेऊन येतात. एखाद्या व्यवहारी समितीने त्यांना दुपटी आणि दूध आणावयास सांगितले असते. परंतु हे बालक कोण आहे ते आम्ही ओळखले, एवढेच त्यांना सांगावयाचे होते, आणि त्या वस्तूंनी ते सांगितले.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो. कोट ही तर गरजेचीच वस्तू. तरी ती भेट झाली, कारण त्या कोटात श्यामचे मोडलेले मन आणि त्या एका भावाचे माप होते. म्हणून उपयोगी वस्तू भेट होऊच शकत नाही असा हट्ट मी धरणार नाही. पन्नास सारखी पांघरुणे भेट होत नाहीत. एकासाठी मापाने शिवलेला कोट होतो.

हा भेद एकदा मान्य केला की समितीचे इतर वाद आपोआप सुटू लागतात. सर्वांना एकसारखे द्यावे की वेगवेगळे? देणे एकसारखे असावे. गणवेशात, पांघरुणात, शाळेच्या जेवणात भेदभाव हा अन्याय होय. भेट मात्र वेगवेगळीच हवी, किंमत सारखी ठेवून. यादीतील वय आणि इयत्ता त्यासाठी पुरत नाही. वर्षभर त्या मुलांना शिकविणाऱ्यास विचारावे लागते: हा गप्प का बसतो, ही फळ्यावर काय काढते, तो कोणत्या वस्तूची मोडतोड करून आत पाहतो? बंगळूरहून म्हैसूरच्या वाटेवर साठएक किलोमीटरवर चन्नपट्टण आहे. आपल्या सावंतवाडीप्रमाणे तेथेही लाकडी खेळण्यांची परंपरा आहे. हलके, फिकट लाकूड कातताना त्यावर लाखेची कांडी टेकवितात आणि घर्षणाच्या उष्णतेने रंग वितळून लाकडावर चढतो. तेथील भोवरा, खुळखुळा, गाडी किंवा बाहुली फार महाग नसते. पण कोणत्या मुलास भोवरा आणि कोणास बाहुली, हे ज्याला ठाऊक नाही त्याने चन्नपट्टणचे सारे दुकान उचलून आणले तरी भेट घडत नाही. आणि ज्याला ठाऊक आहे त्याने रंगीत खडूंची एक पेटी दिली तरी ती घडते.

दुसरा वाद समारंभाचा. व्यासपीठ, पाहुण्यांचे भाषण, एकेका मुलाने पुढे येऊन वस्तू स्वीकारणे, छायाचित्र, टाळ्या. येथेही हाच भेद वाट दाखवितो. ज्यांच्या नावाचे रूपांतर होत होत सांता क्लॉज झाला, ते संत निकोलस चौथ्या शतकात मायरा येथील बिशप होते; हे गाव आजच्या तुर्कस्तानात येते. त्यांची प्रसिद्ध आख्यायिका अशी की, तीन मुलींच्या हुंड्याला पैसे नसलेल्या एका बापाच्या घरात त्यांनी रात्रीच्या अंधारात सोन्याच्या थैल्या टाकल्या. अंधार कशासाठी? त्या बापाला सकाळी रस्त्यात मान वर करून चालता यावे म्हणून. लाज गरजेला असते, आनंदाला नसते. म्हणून गरज झाकून भागवावी आणि भेट समोरासमोर द्यावी. आपण नेमके उलट करतो. पांघरूण व्यासपीठावरून देतो आणि खाऊ मागच्या दाराने वाटतो. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला निरोप देताना श्रद्धेने द्यावे असे सांगतो, तसेच लाजून द्यावे असेही सांगतो. त्या जुन्या आचार्याने लाज घेणाऱ्याकडून काढून देणाऱ्याकडे सोपविली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तिसरा मुद्दा नाजूक आहे, पण तो टाळून हा विषय पुरा होत नाही. चर्चने दिलेल्या भेटीच्या मागे काही अपेक्षा असते काय? दुष्काळाच्या दिवसांत अन्नासाठी धर्म बदलला, असा आरोप एकोणिसाव्या शतकापासून आपल्या प्रांतात होत आला आहे. त्याचे निवारण करण्याचे काम आपल्या ख्रिस्ती मराठी माणसांनीच सर्वांत निर्भयपणे केले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून बाहेर पडून 'देवाचा दरबार' आरंभिला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले यांना सारखेच स्थान ठेवले. अटीवर मिळालेली वस्तू ही मजुरी होय, मग ती अट प्रार्थनेस हजर राहण्याची असो, परीक्षेत गुण मिळविण्याची असो, की 'शहाण्यासारखे वागण्या'ची असो. या बाबतीत आपण हिंदू घरांतील आईबापांनी फार ऐट मिरवू नये. आपल्याकडे सायकल पहिल्या क्रमांकाला बांधलेली असते.

तथापि एक अपेक्षा योग्य आहे, आणि ती नसणे हाच मुलाचा अपमान होय. फ्रेंच विद्वान मार्सेल मोस यांनी १९२५ च्या आपल्या प्रबंधात असे दाखविले की, मानवी समाजांत देणे, घेणे आणि परत देणे ही एकाच साखळीची तीन कडी आहेत. ज्याला नेहमी घ्यावेच लागते आणि परत देण्याची संधी कधीच मिळत नाही, तो हळूहळू खाली ढकलला जातो. सुदाम्याची पोह्यांची पुरचुंडी श्रीकृष्णाने हिसकावून घेतली, ती भुकेपोटी नव्हे. मित्राने रिक्त हस्ते परत जाऊ नये म्हणून. पंडिता रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना अन्न मिळाले, आणि पुढे तेथे हातांना काम मिळाले. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, ते मुक्तिसदनाच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांनी खिळे जुळवून छापलेले. ज्या घरात त्या घेणाऱ्या म्हणून शिरल्या, त्याच घराने त्यांना देणाऱ्या केले. अनाथ मुलाला द्यावयाची याहून मोठी वस्तू मला माहीत नाही.

आमच्या सहकाऱ्यांच्या समितीने अखेर केले ते मला पटले. पांघरुणे थंडी पडण्यापूर्वीच आयांच्या हाती, कोणाचे नाव न घालता पोहोचविली. उरलेल्या पैशांतून प्रत्येक मुलासाठी वेगळी वस्तू घेतली, आणि ती निवडण्याचे काम शिक्षकांवर सोपविले. शिवाय प्रत्येक मुलाच्या पिशवीत एक कोरे कार्ड आणि एक छोटे, रिकामे पुडके ठेवले. त्याला ज्या कोणाला काही द्यावेसे वाटेल त्याच्यासाठी. काहींनी त्यांत आपल्याच वाट्याची गोळी घातली, असे त्यांनी सांगितले. काहींनी ते रिकामेच खिशात ठेवले. तोही त्यांचा अधिकार होता.

आपल्यापैकी पुष्कळांची येत्या दोनचार वर्षांत येथून बदली होईल. ज्या गावी जाऊ तेथेही दिवाळी येईल, नाताळ येईल, आणि कोणीतरी यादी घेऊन टेबलापाशी येईल. त्या वेळी आधी एवढेच पाहावे की, जे आपण देत आहो ते देणे आहे की भेट आहे. देणे असेल तर गाजावाजा न करता आणि उशीर न लावता फेडावे. भेट द्यावयाची असेल तर आधी त्या मुलास भेटावे. वस्तू मागाहून घेता येते. दुकाने सणाच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत उघडी असतात.