दाखवायची बाटली

बाटली दिसायला देखणी होती. पाव लिटरची, स्वच्छ काचेची, फिकट पिवळ्या द्रवानं गळ्यापर्यंत भरलेली. बुचावर पॅराफिनची फीत घट्ट ओढलेली, पोटावर टाइप केलेलं लेबल. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मालकांनी ती गाडीतून, वाटेत सांडू नये म्हणून हातात धरून, मुंबईतल्या एका विद्यापीठात नेली आणि रसायन अभियांत्रिकीच्या प्राध्यापिकेच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "मॅडम, हा आमचा कच्चा माल. यावर काम करायचं."

या गोष्टीतली माणसं मी रचलेली आहेत, म्हणून त्यांना नावं देत नाही. गोष्टीतलं रसायन मात्र खरं आहे आणि गाव आमचंच आहे.

मालकांच्या कारखान्यात रंग बनवणाऱ्यांना लागणारं एक अमाइन तयार व्हायचं. नायट्रो संयुग घ्यायचं, त्यात लोखंडाचा चुरा आणि थोडं आम्ल घालून तापवायचं, की अमाइन तयार. बेशां नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1854 साली शोधलेली ही पद्धत. मोठी सोशिक पद्धत आहे ती. माल थोडा डावाउजवा असला तरी लोखंड निभावून नेतं. पण मागं काळा गाळ उरतो, आणि तो थोडाथोडका नसतो. समीकरण मांडून पाहिलं तर अॅनिलिन या अमाइनच्या 1 किलोमागे जवळजवळ 1.9 किलो लोखंडाचा ऑक्साइड पडतो, तोही कोरडा धरला तर. म्हणजे कारखाना जेवढं विकतो त्याच्या दुप्पट टाकून देतो. तो गाळ गोण्यांत भरायचा, तळोज्याला घातक कचऱ्याच्या जागेवर पाठवायचा, गाडीभाडं भरायचं. गाळ धुतलेलं पाणी सीईटीपीकडे, म्हणजे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे, सोडायचं आणि पुढच्या तपासणीपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांची मुलं याच गावात शाळेत गेली होती, त्यांच्या घराच्या खिडक्याही रात्री वास आला की बंद व्हायच्या. त्यांना हा गाळ खरोखरच नको होता.

उपाय पुस्तकात होता. लोखंडाऐवजी हायड्रोजन वापरायचा, सोबत निकेलचा उत्प्रेरक. मागं उरतं ते पाणी, आणि निकेल गाळून पुन्हा वापरता येतं. पुस्तकातला उपाय दोनशे लिटरच्या भांड्यात बसवायला मात्र संशोधन लागतं. तसा दोन वर्षांचा करार झाला. कारखान्यानं पैसे आणि कच्चा माल द्यायचा, विद्यापीठानं प्रयोगशाळा आणि डोकं. पीएचडीला नुकतीच लागलेली कल्याणची एक मुलगी या कामावर नेमली.

उद्योग आणि विद्यापीठ यांनी हात धरणं आपल्याकडे नवीन नाही. 1933 साली मुंबई विद्यापीठानं रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तो यूडीसीटी. शहर गिरण्यांचं, म्हणून कापडाचं रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे त्याचे सुरुवातीचे विषय. 1938 मध्ये के. वेंकटरामन त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांच्या रसायनावरचे त्यांचे ग्रंथ जगभर वापरले गेले. पुढं एम. एम. शर्मा केंब्रिजहून शिकून आले आणि सत्ताविसाव्या वर्षी तिथं प्राध्यापक झाले. कारखान्यातल्या रिअॅक्टरमध्ये जे खरोखर घडतं त्यावर त्यांनी असं संशोधन केलं की 1990 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना फेलो करून घेतलं. आणि आमच्या डोंबिवलीपुरतं बोलायचं तर केकी घरडा. यूडीसीटीतच शिकले, तिथंच शिकवलं, मग स्वतःचा कारखाना काढला आणि तो डोंबिवलीत वाढवला. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2024 मध्ये ते गेले, तेव्हा वय 95 होतं. खडू आणि रिअॅक्टर एकाच माणसाच्या हातात असले की काय होतं, हे या गावानं पाहिलेलं आहे. सगळ्यांच्या हातात दोन्ही नसतात, म्हणून तर करार करावे लागतात.

प्रयोगशाळेत काम झकास चाललं. मुलीनं अकरा महिने त्या बाटलीतल्या आणि नंतर आलेल्या तसल्याच बाटल्यांतल्या मालावर प्रयोग केले. निकेलचा तोच घाणा बारा वेळा वापरला, तरी दम टिकून होता. अहवाल झाला, रंगीत आलेख झाले. मालकांनी कारखान्यात छोटा कार्यक्रम ठेवला. मॅडमना वेळ नव्हता, म्हणून शाल-श्रीफळ विद्यापीठातच नेऊन दिलं. मॅडमच्या डोक्यात शोधनिबंध तयार होत होता. मालक गाळाच्या वाहतुकीचा खर्च मनातल्या मनात वजा करत होते.

मग कारखान्यात दोनशे लिटरचा ऑटोक्लेव्ह बसला. पहिला घाणा रडतखडत झाला. दुसरा अर्ध्यात अडकला. हायड्रोजन भांड्यात शिरेना. दाबाच्या काट्याकडे सगळे बघत उभे राहिले, काटा जागचा हलेना. मालकांनी फोन लावला.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो तापमानाचा. दुसरा, किती हायड्रोजन आत गेला. मग म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता थांबवा. गरम करू नका, कोणी सांगितलं तरी नाही. थंड पाणी चालू ठेवा, हायड्रोजन काढून नायट्रोजन भरा आणि माणसांना लांब करा. मी निघते."

घाई का, हे सांगायला हवं. नायट्रोचं अमाइन होताना मधल्या पायरीवर हायड्रॉक्सिलअमाइन जातीचं संयुग तयार होतं. उत्प्रेरक धडधाकट असला तर ते फार साठत नाही, लगेच पुढं सरकतं. उत्प्रेरक मेला तर ते साठत जातं, आणि साठलेलं तापलं तर भांडं फोडून बाहेर येऊ शकतं. मुळात ही प्रक्रियाच उष्णता ओकणारी. एका मोलमागे साडेपाचशे किलोज्यूलच्या आसपास. घाणा अडकला की कामगाराचा पहिला विचार असतो, जरा वाफ वाढवून बघू. इथं तेच करायचं नसतं. 26 मे 2016 आणि 23 मे 2024 या कारखान्यांतल्या स्फोटांच्या दोन तारखा डोंबिवलीत कोणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. त्या स्फोटांचा या गोष्टीशी संबंध नाही, पण फोन ठेवताना मालकांचा हात का थरथरला ते त्या तारखांवरून कळेल.

त्या दिवशी अनर्थ टळला. घाणा निवला, तोवर मॅडम आणि ती मुलगी पोचल्या होत्या. करार झाल्यापासून दोघींची कारखान्यात ही पहिली फेरी.

दोघी ऑटोक्लेव्हपाशी गेल्या, कागद तपासले, निकेल पाहिलं. ते पाण्याखालीच ठेवलेलं होतं, जसं ठेवायला हवं तसं. कोरडं पडलं तर ते हवेत आपोआप पेटतं. सगळं नियमानुसार होतं. मुलगी रडवेली झाली. अकरा महिने तिचेच आकडे होते.

तिथं एक जुने ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. बावीस वर्षं लोखंडाच्या रिअॅक्टरवर काढलेली. ते मघापासून दाराशी उभे होते. शेवटी मुलीपाशी येऊन हळूच म्हणाले, "बाळ, वासाचं काही तुम्हाला सांगितलंय का कोणी?"

"कसला वास, मामा?"

त्यांनी कपाटातून वही काढली. शाळेची दोनशे पानी वही, कडा तेलानं काळ्या झालेल्या. घाण्याचा नंबर, माल टाकल्याची वेळ, तापमान, आणि शेवटच्या रकान्यात कुठंकुठं एकच शब्द: वास. "आम्ल टाकलं की काही घाण्यांना सडक्या अंड्याचा वास मारायचा. सगळ्यांना नाही. मी लिहून ठेवायचो. साहेबांना एकदोनदा बोललो, पण माल तर बरोबर निघायचा."

सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. अतिशय विषारी वायू. म्हणजे मालात कुठंतरी गंधक. लोखंडाला गंधकाचं काही वाटत नाही. निकेलला मात्र ते विष आहे; चिमूटभर गंधकसुद्धा त्याचा पृष्ठभाग धरून बसतं आणि निकेल कामातून जातं.

मुलीनं डोळे पुसले. "मामा, चालू ड्रम कुठला? त्यातला माल काढून द्याल?" मामांनी निळ्या ड्रमात नळी तळापर्यंत सोडली आणि नमुना काढला. बाटलीतल्या मालापेक्षा तो गडद होता, चहासारखा. कारखान्याच्या छोट्या लॅबमध्ये, धूर ओढणाऱ्या कपाटात, तिनं त्यातला थोडा परीक्षानळीत घेतला, जस्ताचे कण आणि आम्ल घातलं आणि नळीच्या तोंडावर लेड अॅसिटेटचा ओला पांढरा कागद धरला. क्षणभर काही झालं नाही. मग कागदाच्या मधोमध तपकिरी डाग उमटला, पसरला आणि काळा झाला. मग तिनं दाखवायच्या बाटलीतला माल तसाच करून पाहिला. कागद पांढराच राहिला.

मालक ते दोन कागद बघत होते. कोणी त्यांना काही विचारलं नव्हतं. ते आपणहून बोलले.

"मॅडम, तुम्हाला दिलेला माल चांगल्या सप्लायरचा होता. रोजचा दुसरीकडून येतो, स्वस्त पडतो. लोखंडाला फरक पडत नव्हता म्हणून बोललो नाही. आणि खरं सांगू? तुमच्यासारख्यांपुढे हलका माल ठेवायला लाज वाटली. पाहुणे आले की आपण शोकेसमधले कप काढतो, तसं झालं."

मॅडम थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चूक तुमची एकट्याची नाही. दादरहून फास्ट लोकल पकडली तर तासाभरात मी इथं आले असते. अकरा महिन्यांत आले नाही. मामांची वही मला पहिल्या आठवड्यातच वाचता आली असती. मला स्वच्छ आकडे हवे होते, तुम्ही स्वच्छ बाटली दिलीत."

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे वाक्य. उद्योग खोटं बोलतो आणि विद्यापीठ फसतं, असं आपण पटकन म्हणून टाकतो. इथं दोघांनी मिळून एक सोयीचं चित्र रंगवलं होतं. त्या चित्राखाली मामा आणि त्यांचे दोन मदतनीस उभे होते.

परतीच्या गाडीत मॅडमनी मुलीला निळीची हकीकत सांगितली. जर्मनीत बायर या प्राध्यापकानं 1880 मध्ये कृत्रिम नीळ प्रयोगशाळेत बनवली; बीएएसएफ कंपनीला ती बाजारात आणायला 1897 उजाडलं. मधली सतरा वर्षं स्वस्त कच्च्या मालाच्या शोधात गेली. त्यासाठी नॅप्थलिनपासून बनवायचं एक संयुग काही केल्या परवडेना. असं सांगतात की एके दिवशी रिअॅक्शनमध्ये थर्मामीटर फुटला, पारा मिसळला आणि काम झपाट्यानं झालं; पारा उत्प्रेरक ठरला. "ज्यानं थर्मामीटर फुटल्याचं लपवलं असतं," मॅडम म्हणाल्या, "त्याच्या हाती काहीच लागलं नसतं." दिवा स्टेशन येईपर्यंत दोघी त्यावरच बोलत होत्या. मुलगी कल्याणला न जाता मॅडमबरोबर मुंबईला परत निघाली होती. तिला त्याच रात्री प्रयोग लावायचा होता.

उत्तर सापडायला सात महिने लागले, आणि ते मेलेल्या निकेलमध्येच सापडलं. दम गेलेलं निकेल फेकायचं नाही. ताजा माल आधी त्याच्यावरून फिरवायचा. मालातलं गंधक ते स्वतःकडे ओढून घेतं. मग निवळलेला माल ताज्या निकेलवर. ही युक्ती जाणकारांना ठाऊक आहे, पण या मालाला किती वेळ, किती तापमान, कितव्या फेरीनंतर बदल, हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं. ते चहाच्या रंगाच्या ड्रमावरच काढावं लागलं. प्रयोगशाळेत निकेल बारा वेळा चाललं होतं. कारखान्यात नऊ वेळा चाललं. रंगीत आलेख पुन्हा काढले गेले, या वेळी नऊवरच थांबणारे. हायड्रोजन शिरणं मंदावलं की घाणा कोणालाही न विचारता थांबवायचा अधिकार ऑपरेटरला मिळाला. गाळाच्या गोण्या त्या विभागातून बंद झाल्या.

करार संपला तेव्हा नवा करायला दोघंही तयार होते. त्यात बरंच काही नव्यानं लिहिलं. कृती कारखान्याची, ती गुप्त. मुलीचा प्रबंध आणि निबंध तिचे, ते सहा महिन्यांहून जास्त अडवायचे नाहीत. जिवाला धोका दाखवणारी कोणतीही माहिती गुप्त धरायची नाही, शेजारच्या कारखान्यापासूनसुद्धा नाही. महिन्यातून एक दिवस विद्यापीठानं कारखान्यात काढायचा.

बाकी करार इंग्रजीत आहे. पहिलं कलम मात्र मराठीत आहे, कारण साक्षीदार म्हणून मामांची सही घ्यायची होती आणि आपण वाचल्याशिवाय सही करणार नाही, असं ते म्हणाले. कलम असं: नमुना चालू ड्रममधून, तळापासून, ऑपरेटरच्या हातानं काढलेला असावा, आणि सोबत वहीचं पान जोडावं.