नागसेनाचा रथ आणि प्रभागातले नाव

नागपूर महापालिकेच्या निवडणुकीत मतदाराने एक बटण दाबले की काम संपत नाही. २०१७ साली शहरात ३८ प्रभाग होते आणि नगरसेवक १५१. एक प्रभाग सोडला तर प्रत्येक ठिकाणी चौघे निवडायचे. २०११च्या जनगणनेतली २४ लाख लोकसंख्या या प्रभागांत वाटली, तर एका प्रभागात साठ हजारांहून अधिक माणसे येतात. इतक्या जणांनी उमेदवाराला जवळून पाहिलेले असणे शक्य नाही. बहुतेकांपर्यंत पोहोचते ते नाव: फलकावरचे, भोंग्यावरचे, महाप्रसादाच्या मांडवातले.

मग मत माणसाला पडते की नावाला?

रायगडात २०१४च्या लोकसभेला हा प्रश्न आकड्यांतच दिसला. सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मते पडली. पुढच्याच वर्षी निवडणूक आयोगाने मतदान यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र आणले.

नाव आणि माणूस यांचे हे कोडे जुनेच आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद भिक्खूला नाव विचारतो. भिक्खू म्हणतो, लोक मला नागसेन म्हणतात खरे, पण ते केवळ हाक मारण्यापुरते. राजा गोंधळतो, तेव्हा नागसेन त्याच्या रथाकडे बोट दाखवतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस नव्हे, जू नव्हे; पण हे सारे एकत्र आले की 'रथ' म्हणता येते. नाव खोटे नाही. ते कशाकशावर उभे आहे, हे मात्र तपासावे लागते. नगरसेवकाच्या नावाखालीही अशीच चाके हवीत: तुंबलेली नाली, बंद पथदिवा, सभागृहात विचारलेला प्रश्न. मोहल्ल्यात ज्याला लोक 'भाऊ' म्हणतात, त्याच्या नावात हे सगळे जमा झालेले असेल तर ते नाव ओळखून मत देणे मुळीच उथळ नाही.

पण नाव वारशानेही मिळते. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नगरसेवक झाले, तेव्हा आमदार राहिलेले वडील गंगाधरराव यांचे नाव शहराला आधीपासून माहीत होते. १९९७ मध्ये देवेंद्र महापौर झाले. वारसा दार उघडतो. पुढे माणसाला स्वतः चालावे लागते.

आणि कीर्ती असली की मत मिळतेच, असेही नाही. नागपूरच्या शेजारी भंडाऱ्यात १९५४च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर राज्यघटनेचे शिल्पकार काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. पक्षाची बांधणी देशभर पोहोचलेल्या नावाला भारी पडली. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्याच नावाच्या ओढीने लाखो माणसे धम्मदीक्षेसाठी नागपूरला आली. तिथे मोजायला मतपेटी नव्हती. त्या माणसांनी आयुष्य बदलायचे ठरवले होते.

आजच्या चार जागांच्या प्रभागात मतदाराला बहुधा एखादाच उमेदवार खरोखर माहीत असतो. पहिले बटण ओळखीने दाबले जाते. उरलेली तीन बहुतेकदा त्याच चिन्हासमोर दाबली जातात, आणि तिथे उभ्या असलेल्या तिघांच्या चाकांकडे कोणी पाहिलेले नसते.