नातवाचा वाटा

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे कारखाने आकुर्डी-भोसरीवरून चाकणपर्यंत गेले. गाव सोडून आलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांनी इथे पाळ्या केल्या, ओव्हरटाइम केला, दोन खोल्या बांधल्या आणि निवृत्तीनंतर नातवंडांना शाळेत पोहोचवले. असे आजोबा गेले की चाळिसाव्याला त्यांच्या मायेच्या आठवणी निघतात. मग वाटणीचा विषय येतो.

एखाद्या घरात पोरका नातू असतो; बाप आजोबांच्या आधीच वारलेला. आजोबांचा दुसरा मुलगा हयात असेल तर सुन्नी वारसा कायद्यात या नातवाला वाटा नाही. वारस नसलेल्याच्या नावे एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते, पण ती बहुधा राहून जाते. चुलते म्हणतात, शरियतच तशी आहे.

पण वाटणीच्या वेळी नातलग, अनाथ, गरीब हजर असतील तर त्यांनाही काही द्या, त्यांच्याशी चांगले बोला, असे सूरह निसामध्येच सांगितले आहे. कायदा कमीत कमी काय द्यायचे ते सांगतो. जास्त देऊ नका असे सांगत नाही. आम्हाला वाटते, आजोबांनी ज्याला बोट धरून चालवले, त्याच्या डोक्यावरचे छप्पर राखणे हीच त्यांची खरी आठवण. आणि जे आजोबा आज हयात आहेत, त्यांनी वसीयत आजच लिहावी.